श्री.चं बटण, कै.चं बटण

पहिल्या दिवशी बाबांनी माझ्या लॅपटॉपवर 'श्री.' उमटवायला बटण दाबलं, तेव्हा लॅपटॉपचा आवाज बंद झाला. 'सौ.'साठी दाबलं, तर स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या लहान होऊन पत्त्यांसारख्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. तिसरं बटण दाबल्यावर त्यांनी टाइप केलेलं पानच सरकून बाहेर गेलं आणि मागे माझ्या वॉलपेपरवरचा समुद्र दिसायला लागला. बाबांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"गेलं?"

"गेलं नाही. लपलंय."

"का?"

त्या 'का'चं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही, आणि मला राग आला. पुढचे दहा-बारा दिवस तो गेला नाही. बाबांवर, लॅपटॉपवर, मंडळाच्या चिटणीसांवर आणि बहुतेक वेळा स्वतःवर तो फिरत राहिला. मी मोठ्याने बोलणारी मुलगी नाही. वसाहतीत मला शिष्ट समजतात. मला राग आलेला बाहेर कुणाला कळत नाही. फार तर मी भांडी जरा जोरात ठेवते.

माझा लॅपटॉप एका सिस्टिमवर चालतो. बाबांचं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्या सिस्टिमवर, तेही तिच्या फार जुन्या आवृत्तीवर. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. गणपतीनंतर बाबांचा कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. "काका, याचे पार्ट आता चोरबाजारातपण मिळणार नाहीत," म्हणाला. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. अंधेरीला माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे. तिने मला शिकवलं की त्या डिस्कची नक्कल करून ती अख्खी जुनी सिस्टिम माझ्या लॅपटॉपच्या आत, एका खिडकीत चालवता येते. म्हणजे एका मशीनमध्ये दोन सिस्टिम एकाच वेळी. बाहेरची माझी, आतली बाबांची.

ऐकायला झकास वाटतं. पण बाहेरची सिस्टिम मालकीण आणि आतली पोटभाडेकरू. बेल वाजली की दार मालकीण उघडणार, आणि तिला वाटलं तरच निरोप आत जाणार. अक्षरं ती आत जाऊ देत होती. सगळ्यात वरच्या ओळीतली बारा फंक्शन बटणं मात्र तिने स्वतःसाठी ठेवली होती: उजेड कमी-जास्त, आवाज, खिडक्या. आणि बाबांचं सगळं काम त्या बारा बटणांवर चालायचं.

बाबा घाटकोपरच्या एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. आधी शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, मग कॉम्प्युटर. छापखाना बंद झाल्यावर कॉम्प्युटर घरी आला आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसला. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, क्लासच्या नोट्स यायच्या. हळूहळू त्या बंद झाल्या, कारण लोक फोनवरच पत्रिका करायला लागले. उरलं एकच काम, आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाचं. तळकोकणातलं आमचं गाव आता घाटकोपर, मुलुंड, कांजूरमार्ग, बोरिवली असं विखुरलेलं आहे. मंडळ दरवर्षी अहवाल छापतं, त्यात सभासदांची यादी असते, आणि ती यादी बावीस वर्षं बाबा जुळवत आले. साडेतीनशे नावं, प्रत्येकाच्या आधी श्री., सौ., कु. किंवा कै., पुढे मु. पो. आणि फोन, गेलेल्यांच्या पुढे गेल्याची तारीख. हे पुन्हापुन्हा येणारे शब्द बाबांनी एकेका फंक्शन बटणावर बसवून घेतले होते. बटण दाबलं की शब्द हजर. कामाचं ते काही घेत नसत. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'अक्षरजुळणी' असं छापून पुढे त्यांचं नाव यायचं, तेवढंच. आई ते सगळे अहवाल कपाटात साड्यांखाली ठेवते.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. कॉम्प्युटर बंद पडल्याचं चिटणीसांना कुणीतरी सांगितलं, आणि ते एका संध्याकाळी घरी आले. मुलुंडला राहतात, निवृत्त आहेत, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवतात.

"दादा, आता पुरे झालं तुमचं," ते म्हणाले. "बावीस वर्षं केलंत. आता आराम करा. माझा भाचा आहे ना अंधेरीला, त्याचा डिझाइनचा स्टुडिओच आहे. प्रोफेशनल काम होईल. रंगीत."

बाबा म्हणाले, "यादी मोठी आहे."

"तो करील. दोन दिवसांत करील. पोरं हुशार आहेत आत्ताची." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बाळा? तू सांग तुझ्या बाबांना. तू पण कॉम्प्युटरवरच असतेस ना? का फक्त इंग्रजीतलं करतेस?"

मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला बाळा म्हटलेलं चालत नाही. मी म्हणाले, "चहा घेणार काका?"

बाबा टेबलावरच्या बंद मॉनिटरकडे बघत होते. मग म्हणाले, "पुढच्या रविवारच्या मीटिंगला सोळा पानं देतो. यादी पूर्ण. नाही दिली तर भाच्याला द्या."

"असं म्हणताय? बघा हं. शनिवारी पाच वाजेपर्यंत पीडीएफ पाठवा मला, म्हणजे ग्रुपवर टाकता येईल."

ते गेल्यावर आईने कप उचलले. "चांगलं सांगत होते," ती म्हणाली. "कशाला ताण?" मला कळलं की ही सोळा पानं गेली तर त्यांच्या नावाची शेवटची ओळ गेली. तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझा लॅपटॉप घ्या. मी करून देते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

आवाज, उजेड, खिडक्या या भानगडी मिटवायला दोन संध्याकाळी गेल्या. बाहेरच्या सिस्टिमच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते: वरच्या ओळीतली बटणं साधी फंक्शन बटणं म्हणून वापरा. ती टिक केली. तरी एक-दोन बटणं मालकीण सोडेना, मग तिचे शॉर्टकट शोधून एकेक बंद केले. नेटवर हजार लोकांनी हजार उपाय लिहिलेले. निम्मे जुन्या आवृत्तीचे, आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी लिहिलेलं की हे चालत नाही. मी दात-ओठ खात वाचत होते. बाबा शेजारी स्टुलावर बसून होते, हात मांडीवर. त्यांनी तसं बसू नये असं मला वाटत होतं.

मग उरला त्यांच्या बोटांचा प्रश्न. जुन्या कीबोर्डवर फंक्शन बटणं चार-चारच्या गटात असतात, मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवरून बोटांना ठिकाण कळायचं. माझ्या लॅपटॉपवर बारा बटणं एकमेकांना चिकटून, सपाट, वीतभर ओळीत कोंबलेली. बाबांचं बोट दरवेळी एक घर इकडे नाहीतर तिकडे पडायचं. जुना कीबोर्डच लावावा म्हटलं तर त्याची पिन गोल. कन्व्हर्टर मागवला, लावला, तर प्रत्येक अक्षर दोनदा उमटायला लागलं.

पण खिडकीतली सिस्टिम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी करता येते. डावीकडे लॅपटॉपवरचं बटण, उजवीकडे आतल्या सिस्टिमला कुठलं बटण पोचवायचं ते. म्हणजे बाबांचं बोट जिथे पडेल तिथूनच हवा तो शब्द यावा, अशी सोय. मला हे सापडलं तेव्हा खूप हुशार वाटलं.

"बाबा, श्री.साठी कितवं बटण दाबता?"

"कितवं म्हणजे? हात जातो."

"नंबर सांगा ना. एफ किती?"

"नंबर बघून कोण टाइप करतं गं, बाय?"

"मला पाहिजे नंबर."

"मला माहीत असता तर दिला नसता का?"

मी वैतागून तो जुना कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, डोळे मिटा, श्री. टाइप करा. त्यांचं बोट खाली आलं. बोटाखालच्या बटणावर एफ-९ लिहिलेलं होतं. मी वहीत लिहिलं: श्री., एफ-९. मग म्हटलं, कै. बोट शेजारच्या बटणावर गेलं. त्याच्यावरचा नंबर घासून गेला होता, बटण कोरं. आठ झाला होता, नऊ झाला होता, अकरा 'मु. पो.'ला होता, म्हणजे उरला दहा. मी लिहिलं: कै., एफ-१०. अशी सगळी बटणं लिहून घेतली. मग त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं, पुन्हा डोळे मिटायला लावले आणि प्रत्येक शब्दाला बोट कुठे पडतं ते पाहिलं. वहीवरून यादी भरली. सगळी बटणं एकदा दाबून बघितली. श्री., सौ., कु., कै., मु. पो., सगळे शब्द स्क्रीनवर आले. पान सरकलं नाही, आवाज बंद झाला नाही. शब्द येतायत याचाच मला इतका आनंद झाला की कुठल्या बोटाने कुठला आला, ते मी तपासलं नाही.

बाबांनी चार दिवसांत पंधरा पानं टाइप केली. ते टाइप करताना स्क्रीनकडे बघत नाहीत. डावीकडे स्टँडवर मंडळाचं रजिस्टर, नजर त्यावर, हात खाली. खिळे जुळवतानाची सवय आहे ती. तेव्हाही डोळे हस्तलिखितावर आणि हात खिळ्यांच्या खणांत. वाचायचं नंतर, कागदावर प्रूफ काढून, लाल पेनने. टाइप करताना वाचायचं नाही, वाचताना टाइप करायचं नाही, असं ते सांगतात. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तर खिडकीच्या आतली अक्षरं मुंगीएवढी दिसायची, त्यामुळे बघायचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी दुपारी सोळावं पान झालं. आमचा प्रिंटर आतल्या सिस्टिमला ओळखच दाखवेना. चार वाजल्यापासून चिटणीसांचे दोन फोन आले. दुसऱ्यांदा त्यांनी बाबांना विचारलं, "होणार ना दादा? का सांगू भाच्याला?" बाबा फोनवर हो हो म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते.

"झेरॉक्सवाल्याकडून काढून आणू प्रिंट," ते म्हणाले. "कागदावर बघितल्याशिवाय देऊ नको."

"पाच वाजतायत बाबा. तो शनिवारी लवकर बंद करतो. मी बघते स्क्रीनवर."

"सगळं बघशील?"

"हो."

दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "बघितलंस?"

"हो."

मी बघितलं होतं. पानांचे नंबर बघितले, समास बघितले, कुठलं नाव रेघेबाहेर जातंय का ते बघितलं. वाचलं नव्हतं. मला मराठी वाचता येतं, पण लोक ज्या वेगाने लिहितात त्या वेगाने मी वाचते. शाळेत ते शंभर मार्कांच्या पेपरापुरतं होतं आणि घरी कुणी मला वाच म्हटलं नाही. ही गोष्ट मी सगळ्यांपासून लपवते. एका अक्षरजुळणी करणाऱ्याची मुलगी सोळा पानं नावं वाचायला दोन तास लावते, हे मी त्यांना सांगणार नव्हते. मी पीडीएफ पाठवून दिली.

चिटणीसांनी ती लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकली. 'पहिला मसुदा. सभासदांनी आपापली नावे तपासावीत.' वीस मिनिटांत बाबांचा फोन वाजायला लागला, मेसेजमागून मेसेज.

पहिला होता: "अध्यक्ष, बाराव्याक काय बेत?"

मग कुणीतरी: "माज्या आज्याक जिवंत केल्याबद्दल मंडळाचो आभारी आसंय."

"मी कै. झालो तर वर्गणी माफ ना?"

बाबांनी फोन माझ्याकडे दिला, चष्मा शोधत. मी पीडीएफ उघडली आणि पहिल्यांदाच वाचली. पहिलंच नाव अध्यक्षांचं. कै. त्याखाली उपाध्यक्ष. कै. त्याखाली चिटणीस. कै. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जितके पुरुष जिवंत होते ते सगळे मेलेले, आणि जे मेले होते ते श्री. माझे आजोबा श्री. होते. बाबा स्वतः कै. होते.

काही जणांनी हसणारे इमोजी पाठवले. चिटणीसांनी लिहिलं: "दादांचे वय झाले आहे, सांभाळून घ्यावे."

तेवढ्यात एका काकींचा फोन आला. त्यांचे यजमान अकरा दिवस मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये होते, हे आम्हाला माहीत होतं. बाबांनी फोन कानाला लावला, पण त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला सगळं ऐकू आलं.

"दादानु, आमच्या ह्येंका तुमी आत्ताच मारून मोकळे झालास? डॉक्टर सांगतत बरे होतले, आणि तुमी नावापुढे कै. लावलास? माज्या झिलान वाचून दाखयला. मी काय करू सांगा."

"वहिनी, चुकलं माझं," बाबा म्हणाले. "हात चुकला. मी हात जोडतो."

"हात चुकाक काय ह्यां एकच नाव गावला?"

"सगळीच चुकली, वहिनी. माझं स्वतःचं नावही चुकलंय. माफ करा."

ते फोन ठेवून बसले. हात चुकला, असं ते म्हणाले. त्यांचा हात चुकला नव्हता, एवढं मला तेव्हाही कळत होतं. साडेतीनशे नावांत बाकीचा एकही शब्द दुसऱ्याच्या जागी पडला नव्हता. फक्त दोन शब्द आपसांत बदलले होते, सगळीकडे, न चुकता. हे हाताचं काम नाही, यादीचं आहे. मी भरलेल्या बटणांच्या यादीचं. आणि बाबा फोनवर हात जोडत होते.

मी कपाटावरून जुना कीबोर्ड काढला. वरची ओळ नीट पाहिली, डावीकडून उजवीकडे. सात, आठ, मोकळी जागा, कोरं बटण, नऊ, अकरा. आठनंतर कोरं, आणि दहाच्या जागी नऊ. चार दिवसांपूर्वी तोच कीबोर्ड माझ्या हातात होता आणि मी क्रम मोजला नव्हता.

"बाबा, हे नऊ नंबरचं बटण दहाच्या जागी कसं?"

त्यांनी बघितलं. "ते मी बदललेलं."

"कधी?"

"तुझ्या दहावीच्या वर्षी असेल. श्री.चं बटण पार घासून गेलेलं, कड फुटून बोटाला लागायची. शेजारचं कै.चं नवंच्या नवं. उपटून अदलाबदल केली. तेव्हा कै. फार लागत नव्हतं."

"आणि तुम्ही मला हे सांगितलं नाहीत?"

"आठवत कुठे होतं? हाताला काय, जागा तीच."

मी तेव्हा ओरडले. घरात मी ओरडल्याचं आईला आठवत नाही, ती स्वयंपाकघरातून धावत आली. मी म्हणाले, तुम्ही कधी काही सांगत नाही, लिहून ठेवत नाही, सगळं हातात ठेवता आणि मग दुसऱ्याने काय करायचं. निम्मं इंग्रजीत म्हणाले. राग आला की मी इंग्रजीत जाते, आणि त्याचा मला आणखी राग येतो. बाबांनी ऐकून घेतलं. मी थांबल्यावर विचारलं, "तू वाचलं नव्हतंस ना?"

"नाही."

त्यांनी कीबोर्ड माझ्या हातातून घेऊन कपाटावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुरुस्ती एक मिनिटाची होती. यादीतल्या दोन ओळींचे आकडे बदलले. मग पानांतले श्री. आणि कै. उलटसुलट करून घेतले. रविवारी सकाळी झेरॉक्सवाला उघडल्या उघडल्या बाबांनी प्रिंट काढून आणली आणि दाराजवळच्या उजेडात बसून लाल पेनने सोळा पानं वाचली. नऊ चुका निघाल्या. त्या त्यांच्या होत्या, आणि नऊच्या नऊ त्यांनी दुरुस्त करून पुन्हा प्रिंट काढली.

मीटिंग मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी मंडळाच्या मीटिंगला लहानपणानंतर गेले नव्हते. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपांत चहा. बाबा आत शिरले तसे दोघंतिघं म्हणाले, "या, कैलासवासी या." बाबा हसले. त्यांनी प्लास्टिकचं फोल्डर चिटणीसांच्या समोर ठेवलं. चिटणीसांनी त्यावर हात ठेवला, समोरच्याच्या गुडघ्यावर ठेवतात तसाच, आणि ते उघडलं नाही.

"तर स्मरणिकेचा विषय," ते उभे राहून म्हणाले. "काल जे झालं ते झालं. दादांनी बावीस वर्षं सेवा केली, त्याबद्दल आपण टाळ्या वाजवूया. पण आता—"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबासुद्धा वाजवत होते. स्वतःसाठी, सवयीने. मला ते बघवलं नाही आणि मी उभी राहिले.

"चूक माझी होती," मी म्हणाले. आवाज फार लहान निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्याने गं. "चूक माझी होती. बटणांचे नंबर मी लावले. दोन नंबर उलटे लावले. बाबांनी बरोबर टाइप केलं होतं. ते म्हणत होते कागदावर बघून देऊ. मी बघितलं म्हणून सांगितलं. मी वाचलं नव्हतं."

चिटणीस मायेने हसले.

"मोकळेपणाने सांगितलंस, बाळा. छान केलंस. म्हणजे मग प्रश्नच मिटला ना? दादांना नवीन मशीन जमत नाही आणि तुला मराठी जमत नाही. मग भाच्याला देण्यात गैर काय?"

काही जण हसले. माझे कान तापले. ते जे बोलले ते तर्कात बसत होतं. मी अजून कधी कधी बसमध्ये मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत असते, फार चांगली उत्तरं.

बोलल्या त्या महिला मंडळाच्या एक म्हाताऱ्या काकी. त्यांनी फोल्डर ओढून घेतलं होतं आणि पानं उलटत होत्या. "यादी दादांकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाच्याक काय ठावक, कोण गेलो आणि कोण ऱ्हवलो? ह्यात माज्या दिराची तारीख पण बरोबर आसा. खुद्द आमच्या घरात कोणाक धड आठवत नाय."

यावर बरीच बोलाबोली झाली आणि शेवटी ठरलं की फोटो, जाहिराती, सजावट, मुखपृष्ठ सगळं भाचा करणार, आणि यादीची सोळा पानं बाबा देणार. शेवटच्या पानावर भाच्याच्या स्टुडिओचं नाव. बाबांचं 'सहकार्य' म्हणून येईल.

परतीला एल. बी. एस. रोडवरून बस मिळाली. भांडुप आल्यावर मी विचारलं.

"तुम्ही हो का म्हणालात?"

"यादी ऱ्हवली ना आपल्याकडे."

"सहकार्य लिहिणार आहेत बाबा. सहकार्य. जसं काही तुम्ही चहा दिलात."

"लिहूदे."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की."

"मग?"

ते बाहेर बघत म्हणाले, "मी रागावलो तर ते म्हणणार, म्हातारा रागावला. तेवढ्यावर संपलं. पुढचं कोण ऐकून घेतं?" मग थोड्या वेळाने, "तू बोललीस ते बरं केलंस. पण हळू बोलतेस फार."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला तेव्हाही राग येत होता, आणि तो त्यांच्यावरच येत होता, कारण ओळखीचं दुसरं कुणी बसमध्ये नव्हतं.

बुधवारी भाच्याचा फोन आला. बाबांचा फोन मी कधी उचलत नाही. माझासुद्धा मी नाइलाज झाल्यावरच उचलते. बाबा खाटेवर पेपर वाचत होते, फोन माझ्याजवळ होता, मी उचलला.

"हॅलो, काका आहेत का? त्यांची फाइल ओपन केली ना मी, तर सगळं ए-बी-सी-डी दिसतंय यार. कचरा. मी काय करतो, त्या पीडीएफवरून आमच्याकडे परत टाइप करून घेतो. काकांना सांगा टेन्शन घेऊ नका."

जुन्या फॉन्टची फाइल दुसरीकडे उघडली की असंच होतं, हे आता मला माहीत होतं.

"घ्या टाइप करून," मी म्हणाले. "पण छापायच्या आधी प्रूफ बाबा वाचणार."

"हां हां, पाठवतो ना पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपला."

"पीडीएफ नाही. कागदावर. ते कागदावर वाचतात."

"अगं, त्याला आता कोण प्रिंट काढतं? स्क्रीनवर दिसतं की सगळं."

"स्क्रीनवर दिसतं असं मला पण वाटलं होतं. त्यानंतर काय झालं ते तुमच्या मामांना विचारा. सोळा पानांची प्रिंट घरी आणून द्या. दोन दिवस लागतील वाचायला. त्यांनी लाल पेनने सही केल्याशिवाय एक पान पुढे जायचं नाही. आणि कुणाच्या नावाआधीचं काही बदलायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं. तुम्ही ठरवायचं नाही."

"तुम्ही कोण बोलताय?"

"त्यांची मुलगी."

"ओके. अंधेरीहून घाटकोपरला यायचं म्हणजे—"

"मेट्रो आहे," मी म्हणाले.

बाबांनी पेपर खाली घेतला होता. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. "एवढं तोडून बोलू नये गं, बाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. मी फोनवर हात ठेवून तशीच उभी राहिले. मला माफी मागायची नव्हती.

त्यांनी पेपरची घडी घातली.

"दोन प्रती आणायला सांग," ते म्हणाले. "एक तुला."